चौदापानी फॉर्म आणि तारोडीचं इंजिन

माझी पहिली नोकरी म्हणजे लोकांना नोकरी आहे का, हे विचारत फिरण्याची होती.

दोन हजार सालानंतरची पहिली पाच-सहा वर्षं उलटली होती. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते आणि भाईंदर पूर्वेला, खारी गावाला चिकटून उभ्या राहिलेल्या एका चारमजली इमारतीत आईबाबांबरोबर राहत होते. बाबा मूळचे रत्नागिरीकडचे. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर ते काम करायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर करडी भुकटी असायची आणि आई ती ओल्या फडक्याने पुसायची. माझ्या बरोबरच्या मुली कॉल सेंटरसाठी इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जात होत्या. मीही एका ठिकाणी मुलाखत देऊन आले. तिथल्या बाईंनी मला सांगितलं, फोनवर बोलताना चेहऱ्यावर हसू ठेव, आवाजात ऐकू येतं. समोर माणूस नसताना मला काही हसता येईना. त्यांनी प्रेमाने घरी पाठवलं.

मग कॉलेजच्या फळ्यावर एक कागद लागलेला दिसला. केंद्र सरकार तरुणांच्या रोजगारासाठी नवा कार्यक्रम आखत होतं. आखण्याआधी देशातल्या काही निवडक भागांत घरोघर जाऊन पाहणी करायची होती आणि त्यात मीरा-भाईंदर होतं. चार महिन्यांसाठी पदवीधर हवे होते. मी अर्ज केला आणि आठवड्याभरात बोलावणं आलं.

तीन दिवसांचं प्रशिक्षण एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. शिकवायला दिल्लीहून एक मॅडम आल्या होत्या. वय पन्नाशीचं, केस आखूड, सुती साडी आणि पायात चक्क कॅनव्हासचे बूट. त्यांचं बालपण इंदूरच्या मराठी घरात गेलेलं, त्यामुळे मराठी बोलायच्या, पण त्यांच्या वाक्यात मध्येच हिंदी शब्द पाय पसरून बसायचा. पहिल्याच तासाला त्यांनी खडू उचलला आणि म्हणाल्या, "दिल्लीत बसून योजना बनवणं एकदम आसान आहे. एक खातं म्हणतं शिलाईचे वर्ग काढा. दुसरं म्हणतं कॉम्प्युटर शिकवा. तिसरं म्हणतं धंद्यासाठी कर्ज द्या. प्रत्येकाला वाटतं, आपलंच औषध चालेल. पण पेशंटला कोणी विचारलं नाही की दुखतंय कुठे. ते विचारायला तुम्ही जाणार आहात."

मला ते फार आवडलं. तोवर मला वाटायचं, सरकारी योजना पेपरात जशी छापून येते तशीच कुठेतरी तयार होत असेल. त्यामागे कोणी बसून डोकं खाजवतं, आकडे मागवतं, एकमेकांशी भांडतं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

आम्हाला प्रत्येकी फॉर्मचे गठ्ठे मिळाले. एक फॉर्म चौदा पानांचा. इंग्रजीतून मराठीत आणताना कोणीतरी त्याची फार शुद्ध मराठी करून ठेवली होती. नियमही कडक होते. दिलेल्या यादीतल्याच घरात जायचं. शेजारचं घर कितीही बोलकं असलं तरी तिथे जायचं नाही. उत्तर आपल्या मनाने लिहायचं नाही. प्रत्येक उत्तराला एक कोड होता आणि तो छोट्या चौकोनात भरायचा.

सराव करायला म्हणून रविवारी दुपारी मी बाबांना समोर बसवलं. खरं तर फॉर्म पंधरा ते तीस वयाच्या मुलांसाठी होता आणि बाबा पन्नाशीच्या पुढे गेले होते. पण त्यांनी शर्ट घातला, केस विंचरले आणि खुर्चीत ताठ बसले.

"सध्याच्या कामाचं कौशल्य आपण कोठे संपादन केलं?" मी वाचलं.

"मामाच्या शेजारी उभं राहून."

"प्रशिक्षणाचा कालावधी?"

बाबांनी थोडा विचार केला. "अजून चालू आहे," ते म्हणाले.

आईने आतून जेवायला हाक मारली. बाबा म्हणाले, "थांब गं, अजून नऊ पानं आहेत." आणि मला म्हणाले, "पुढचा प्रश्न घे."

शेवटच्या पानावर विचारलं होतं की काम मिळवताना सर्वांत मोठी अडचण कोणती वाटली. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विचारायचं कोणाला, तेच माहीत नव्हतं. मुंबईत आलो तेव्हा चार महिने नुसता फिरलो. जिथे माणूस हवा होता तो गाळा मी राहायचो त्याच्या मागच्याच गल्लीत होता." मी फॉर्म मिटला तेव्हा ते सहज म्हणाले, "एवढं मला कधी कोणी विचारलं नव्हतं." आणि जेवायला उठले. आमटी गार झाली होती, पण त्या दिवशी त्यांनी आईला ती परत गरम करायला लावली नाही.

काम सुरू झालं मीरा रोडच्या पेणकरपाड्यापासून. जुनं गाव मध्ये आणि चहूबाजूंनी इमारती. तिथे दारोदार मला पहिला प्रश्न यायचा, "मॅडम, गवर्मेंट की नौकरी मिलेगी क्या?" मी सांगायची, नाही, सरकार फक्त विचारतंय. कुणी दार लावून घ्यायचं, कुणी पाणी द्यायचं. एका खोलीत चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण भेटला. त्याने मला ठामपणे सांगितलं की तो बेकार आहे.

"मग दिवसभर काय करतोस?" मी विचारलं.

"सकाळी पेपर टाकतो. दुपारी केबलवाल्याचं काम बघतो. संध्याकाळी मित्राच्या टेबलावर मोबाइल रिपेअर करतो."

"मग बेकार कसा?"

"नोकरी कुठाय?" तो म्हणाला. "नोकरी म्हणजे आयकार्ड असतं ना ताई गळ्यात."

कोडांच्या यादीत त्याला बसवायला मला जागा सापडेना. बेकार म्हणावं तर तीन कामं करत होता, नोकरदार म्हणावं तर त्यालाच मान्य नव्हतं. मी जवळचा वाटला तो कोड भरला आणि फॉर्मच्या समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं, हा काय काय करतो ते, आणि आयकार्डाचं वाक्यही. ते लिहिलं नाही तर त्या माणसावर अन्याय होईल असं मला वाटलं. तेव्हापासून मला समासात लिहायची सवयच लागली.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या वाट्याला उत्तन पट्ट्यातलं तारोडी आलं. भाईंदर पश्चिमेहून बसने निघालं की मिठागरं मागे पडतात, मग चढ लागतो आणि एका वळणावर समुद्र दिसतो. आमच्या घरापासून दीड तासावर असं गाव आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. अंगणात बोंबील वाळत होते, दारात क्रूस होता, आणि यादीतल्या घराच्या पायरीवर एकोणीस वर्षांची एक मुलगी बसली होती. आत तिची आई मासे निवडत होती.

मी फॉर्म काढला आणि आईकडे बघून पहिला प्रश्न वाचला. "आपल्या कुटुंबातील युवा सदस्य आर्थिक क्रियेत सहभागी आहेत काय?"

"काय गो म्हणते ही?" आईने मुलीला विचारलं. मुलगी हसायला लागली.

"म्हणजे पोटापाण्यासाठी ही काय करते?" मी म्हटलं.

"ही? काय न्हाय. घरान असते."

मुलीनेही मान डोलावली. "घरीच हाय मी. नववीला नापास झाले, तवापासून घरीच."

मी घरकामाचा कोड भरायला पेन टेकवलं आणि माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. नखांपर्यंत काळे. ते काही मासे निवडून काळे झालेले नव्हते.

"हाताला काय लागलंय?"

"ऑइल." तिने हात पाठीमागे नेले. "बापसाच्या बोटीचं इंजिन खोललंय. एअर धरली होती, डिझेल चढत नव्हतं."

"तू खोललंस?"

"मंग कोण खोलणार?"

हळूहळू कळलं ते असं. वडिलांचे गुडघे दुखायचे, बोटीच्या पोटात उतरून वाकायला जमायचं नाही. भाऊ नव्हता. ती बाराव्या वर्षापासून वडिलांबरोबर इंजिनाशी असायची. मेकॅनिक वसईहून यायचा, तेव्हा ती पाने हातात देत उभी राहायची आणि बघायची. आता मेकॅनिकला बोलवायची गरजच पडत नव्हती. काकाच्या बोटीचं, मामाच्या बोटीचं, शेजाऱ्याच्या बोटीचं काम तीच करायची. पण ह्याला काम म्हणायचं, हे तिच्या घरात कोणालाच वाटलं नव्हतं, तिलाही नाही.

चौकोनात मी नियमाप्रमाणे घरकामाचा कोड भरला, कारण तिने तेच सांगितलं होतं. पण समास कमी पडला. मी पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहिलं.

आमचे सुपरवायझर एक तरुण गृहस्थ होते, कामाला चोख. शनिवारी फॉर्म तपासताना ते थांबले. "हे काय आहे? तुमच्या प्रत्येक फॉर्मवर कीर्तन लिहिलंय."

"सर, कोडात बसत नव्हतं."

"बसवायचं. कॉम्प्युटर समास वाचत नाही. पुढच्या आठवड्यात मॅडम येतायत, त्यांना दाखवावं लागेल मला."

त्या आठवड्यात मी समासाला हात लावला नाही. माझे फॉर्म स्वच्छ दिसायला लागले आणि मला कामाचा कंटाळा यायला लागला.

मॅडम आल्या. हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर माझे फॉर्म घेऊन बसल्या. मी लांबून बघत होते. त्या एक एक पान उलटत होत्या, चष्मा वर करून बारीक अक्षर वाचत होत्या. काम गेलं हे आईला कसं सांगायचं, त्याची मी मनात तयारी केली. तासाभराने त्यांनी मला बोलावलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो मॅडम. चूक झाली. आता नाही लिहिणार."

"म्हणूनच विचारते. ह्या आठवड्याचे फॉर्म असे कोरे का?" त्या म्हणाल्या. "बेटा, कोड मला सांगतो की घरी बसलेल्या मुली किती. तुझं हे वाचून मला कळलं की त्या बसलेल्या नाहीत. नुसता कोड बघून मी दिल्लीत लिहिलं असतं की ह्या मुलींना काही येत नाही, ह्यांना शून्यापासून शिकवा. आणि येतं तर सगळं." मग सुपरवायझरांकडे वळून म्हणाल्या, "उद्यापासून सगळ्यांना सांगा, पान मागून कोरं सोडायचं नाही." आणि परत माझ्याकडे. "ही इंजिनवाली मुलगी मला दाखव."

सुपरवायझर भले गृहस्थ. त्यांनी रागही धरला नाही. सोमवारी सगळ्यांना त्यांनीच नवीन पेनं वाटली.

मॅडमना घेऊन मी बसने उत्तनला गेले, तिथून रिक्षाने तारोडी. त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि साडी खोचून चिखलातून बोटीपर्यंत चालत गेल्या. मुलगी आधी लाजली. मग मॅडमनी इंजिनाबद्दल एक अगदी अडाणी प्रश्न विचारला, हे सुरू कसं होतं म्हणून. त्यावर तिची जीभ सुटली. हा पंप, हा नोझल, हा फिल्टर, पाणी शिरलं तर असा आवाज येतो, गॅस्केट गेली तर तसा. आवाज ती तोंडाने काढून दाखवायची. मॅडम वही काढून लिहीत होत्या. वडील काठावर बसून सगळं ऐकत होते. परत निघताना ते मला हळूच म्हणाले, "दिल्लीची बाई हिचा ऐकून लिवते काय गो?" मी हो म्हटलं. मग ते रिक्षापर्यंत सोडायला त्या दुखऱ्या गुडघ्यांनी आले.

पाहणी संपली. महिन्याभराने मॅडमचा निरोप आला की मुंबईत एका सरकारी इमारतीत बैठक आहे. योजनेचा कच्चा मसुदा तयार झाला होता. मोठे अधिकारी, कारखानदार, शिक्षणसंस्थांचे लोक त्यावर बोलणार होते. मॅडमनी हट्ट धरला होता की तरुणांच्या योजनेच्या बैठकीत दोन-तीन तरुण तरी असावेत. म्हणून मी, तारोडीची मुलगी आणि पेणकरपाड्याचा तो तीन कामं करणारा तरुण असे तिघे गेलो. मुलीचे वडीलही आले आणि बाहेर बाकावर बसले.

लांबलचक टेबल होतं. प्रत्येकापुढे नावाची पाटी. आमच्यासाठी पाट्या नव्हत्या, तेव्हा शिपाईकाकांनी घाईघाईने कागद दुमडून तीन पाट्या केल्या आणि त्यावर लिहिलं, युवा प्रतिनिधी. पेणकरपाड्याच्या तरुणाने आपली पाटी नंतर खिशात घालून घरी नेली.

अध्यक्षस्थानी दिल्लीचे एक पांढऱ्या केसांचे साहेब होते, मॅडमचेही वरिष्ठ. मसुदा वाचून दाखवला गेला. दहावी पास असावा. अभ्यासक्रम एक वर्षाचा. वर्ग दिवसा, जिल्ह्याच्या ठिकाणी. मी कागदावर नुसतं बघत होते. माझ्याबरोबरचे ते दोघं त्यात कुठेच नव्हते.

एक कारखानदार म्हणाले, "प्रॉब्लेम स्किलचा नाहीच. आजच्या मुलांना काम करायचंच नसतं."

मॅडम म्हणाल्या, "तिघं इथे बसलेत. त्यांनाच विचारू."

साहेबांनी तारोडीच्या मुलीकडे बघितलं. ते हिंदीत विचारत, मॅडम मराठीत सांगत. "तुला एक वर्षाचा कोर्स दिला तर येशील?"

"न्हाय," ती म्हणाली.

कारखानदार हसले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "का नाही?"

"वरीसभर मी हितं आले तर तिकडं बोटी कोण नीट करील?"

"मग तुला सरकारकडून काय हवं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी काही सांगणार नव्हते, मला माहीतही नव्हतं. ती म्हणाली, "मना कागद हवा."

"कसला कागद?"

"मना काम येतंय असा. आमच्या गावान सगळ्यांना ठावं हाय. पण दुसऱ्या गावची बोट असली तर मना हात लावू देत न्हाय. म्हणतात, पोरगी हाय. सरकारचा कागद असला तर देतील."

"आणि तुला काम येतं हे सरकारला कसं कळणार?"

"इंजिन आणा न् ठेवा हितं," तिने टेबलाकडे बोट केलं. "दावते."

सगळं टेबल हसलं, साहेबही. पण हसून झाल्यावर त्यांनी पेन उचललं. ते मॅडमना म्हणाले, "वर्ग न करता नुसती परीक्षा घेऊन प्रमाणपत्र का देता येऊ नये?" आणि मग जी चर्चा सुरू झाली ती तासभर चालली. एक जण म्हणाले, नियमात बसत नाही. दुसरे म्हणाले, नियम आपणच तर लिहितोय. परीक्षा घेणार कोण, पास-नापास ठरवायचं कसं, शिक्षणाची अट खाली आणली तर दर्जाचं काय, वर्ग संध्याकाळी का नकोत, असं एकातून एक निघत गेलं. पेणकरपाड्याच्या तरुणाला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की मोबाइल रिपेअरचा तीन महिन्यांचा कोर्स संध्याकाळी सातनंतर, मीरा रोडलाच ठेवला तर तो स्वतः वीस जण घेऊन येईल. मघाचे कारखानदार त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुझा नंबर दे मला." मला साहेबांनी फॉर्मबद्दल विचारलं. मी तेवढंच सांगितलं की आर्थिक क्रिया कोणाला कळत नाही, पोटापाण्याला काय करता म्हटलं की लोक बोलतात. ते वाक्य कुणीतरी लिहून घेतलं.

त्या तासाभरात मी पहिल्यांदा सरकारला विचार करताना पाहिलं. ते बघायला मला फार गंमत वाटली.

बाहेर आल्यावर मुलीचे वडील बाकावरून उठले. "काय झाला?" त्यांनी विचारलं.

"मी न्हाय म्हटलं," ती म्हणाली.

"दिल्लीवाल्यांना?"

"हां."

ते घाबरलेच. मॅडमनी मागून येऊन त्यांना समजावलं की तिचं नाही फार उपयोगी पडलं. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना समोरच्या हॉटेलात नेऊन मिसळ खायला घातली आणि स्वतः इंदूरकडचे पोहे कसे वेगळे असतात हे सांगत बसल्या.

त्यानंतर बरेच महिने काही झालं नाही. मी घरी शिकवण्या घ्यायला लागले. योजना कशा आखतात ते मला आता ठाऊक होतं, म्हणून धीर धरता येत होता. मसुदा ह्या खात्यातून त्या खात्यात जातो, राज्यांकडे जातो, शेरे घेऊन परत येतो. मॅडम अधूनमधून फोन करायच्या. "आज आपला कागद अर्थखात्यात आहे," त्या सांगायच्या, जणू काही घरातलं कोणी प्रवासाला गेलं आहे. बाबा रोज जेवताना विचारायचे, "कुठपर्यंत आला?" मी सांगायची. त्यांच्या गाळ्यातल्या लोकांनाही दुसऱ्या दिवशी ते कळायचं.

एका दुपारी फोन वाजला. मॅडमचा आवाज चढलेला होता. "झालं. आधी काही ठिकाणी करून बघायचं ठरलं, त्यात तुमचं भाईंदर आहे. काम येणाऱ्यांची थेट परीक्षा, दहावीची अट नाही. आणि ऐक, यादीत बोटीचं इंजिन आहे. ते घालायला मी दोन बैठका भांडले. एक साहेब म्हणत होते, ट्रॅक्टरमध्ये धरा." मी घरात एकटीच होते. मी फोन ठेवला आणि जिना उतरून थेट बाबांच्या गाळ्यावर गेले. मशीनच्या आवाजात त्यांना काही ऐकू येईना. मी कानाशी जाऊन ओरडले तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं आणि शेजारच्या चौघांनाही बंद करायला लावलं. मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

परीक्षेला बसणाऱ्यांची नावं जमवायचं काम मलाच मिळालं. बोटीच्या इंजिनाची परीक्षा उत्तनच्या किनाऱ्यावर एका शेडमध्ये ठरली. परीक्षक जहाजावरून निवृत्त झालेले एक इंजिनिअर होते, गंभीर चेहऱ्याचे. सहा परीक्षार्थी होते आणि त्यांत ती एकटी मुलगी. शेडबाहेर अर्धं तारोडी जमलं होतं.

तोंडी परीक्षेत तिची पंचाईत झाली. परीक्षकांच्या हातात छापील मराठी प्रश्न होते. त्यांनी विचारलं, "इंधन क्षेपकाचं कार्य सांगा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नव्हतं. परीक्षकांनी कागद खाली ठेवला आणि बोटाने दाखवलं.

"ह्यो? ह्यो तर नोझल," ती म्हणाली, आणि मग थांबायलाच तयार नव्हती.

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी सकाळीच प्रत्येक इंजिनात चार बिघाड करून ठेवले होते. ते शोधून दुरुस्त करायचे आणि इंजिन चालू करून दाखवायचं. तिने ओढणी कमरेला बांधली, कान इंजिनाला लावला, आणि पाना घेतला. वेळ संपायच्या बरंच आधी ती उठून म्हणाली, "पाच."

"चार आहेत," परीक्षक म्हणाले.

"पाच हायेत."

तिने बोट ठेवून दाखवलं. डिझेलच्या नळीला सांध्याजवळ केसाएवढी चीर होती. परीक्षकांनी चष्मा बदलला, वाकून बघितलं, अंगठ्याने नळी पुसून पुन्हा बघितलं. "हा मी केलेला नाही," ते म्हणाले. "हा खरा आहे." मग नळी बदलली, इंजिन सुरू झालं आणि त्या धडधडाटात परीक्षकांचा गंभीर चेहरा हसताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. बाहेर तिची आई शेजारणीला विचारत होती, पास झाली का नापास. शेजारीण म्हणाली, "अगो, तिनी मास्तरलाच पास केला."

प्रमाणपत्र दीड महिन्याने आलं. तेवढ्यात परीक्षकांनीच तिची गोष्ट बंदरावर इतकी पसरवली होती की शेजारच्या गावांच्या दोन बोटी कागद यायच्या आधीच तिच्याकडे आल्या. पेणकरपाड्याच्या तरुणाचा संध्याकाळचा वर्गही सुरू झाला होता आणि त्याने वीस म्हणता सव्वीस जण आणले होते. प्रमाणपत्र द्यायला मी स्वतः तारोडीला गेले. वडिलांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उजेडात धरलं आणि मुलीला म्हणाले, तू हात लावू नको, हात धुवून ये. आईने मला बसवून तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. मी जेवत होते तोवर पडवीत दहा-बारा बायका येऊन बसल्या.

"सुकटीचा कागद न्हाय का गो?" एकीने विचारलं. "मी चाळीस वरसं सुकवते."

"योजना तरुणांसाठी आहे, मावशी."

"मंग माझी सून हाय तरुण. माझ्याहून बरी सुकवते."

दुसरी म्हणाली, तिच्या लेकीला जाळं विणता येतं, बारीक आणि मोठ्या भोकांचं, दोन्ही. तिसरीची पोरगी भाऊच्या धक्क्यावर मासळीचा सगळा हिशोब तोंडी करायची. त्या एकमेकींचं बोलणं तोडत होत्या, आणि इतके दिवस घरीच असते म्हणून सांगितलेल्या मुलींची नावं आता धडाधड घेत होत्या. माझ्याकडे त्या दिवशी कुठला फॉर्म नव्हता. मी भाकरीचा हात धुतला आणि पिशवीतली शिकवणीची वही काढली. "एकेक सांगा," मी म्हटलं. रिक्षावाला बाहेरून हॉर्न वाजवत होता. तारोडीच्या मुलीने जाऊन त्याला सांगितलं की अजून वेळ लागेल, आणि विचारलं, रिक्षाच्या इंजिनाचा आवाज बरोबर येत नाहीये, तोवर जरा बघू का.